माहिती आपली, सक्ती त्यांची, नुकसान कोणाचे?



घरात भरून ठेवलेला कापूस चोरीला गेला तर खोली रिकामी दिसते. ज्वारी गेली तर कणगी रिकामी दिसते. माहिती चोरीला गेली तर घरातले काहीच हलत नाही. आधार कार्ड पेटीतच असते, पासबुक पिशवीतच असते. चोरी झाली हे कळते ते खात्यातले अनुदान गेल्यावर, नाही तर न काढलेल्या कर्जाची नोटीस आल्यावर.

ही माहिती आपण हौसेने वाटलेली नाही. पीककर्जाला आधार, पीकविम्याला सातबारा, अनुदानाला पासबुक, आणि २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक. कागद दिला नाही तर अर्ज बाद. ज्याच्या गोदामात माल, त्याच्यावर राखणीची जबाबदारी, हा साधा व्यवहार आहे. माल सक्तीने घेतला असेल तर ती जबाबदारी दुप्पट.

राखण कशी होते ते पाहा. पीएम किसानच्या संकेतस्थळावरून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचे एका सुरक्षा संशोधकाने २०२२ च्या जानेवारीत सरकारी यंत्रणेला कळवले. दुरुस्ती झाली मे महिन्याच्या अखेरीस. योजनेत नोंदलेले शेतकरी ११ कोटींच्या वर होते. पुढे २०२३ साली हरियाणासह काही राज्यांत जमिनीच्या खरेदीखतावरचे अंगठ्याचे ठसे उचलून चोरांनी नकली अंगठे बनवले आणि लोकांच्या खात्यांतून आधारवर पैसे काढले. या व्यवहाराला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा, एवढ्यावर काम होते.

मग कायदा काय म्हणतो? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य बंधने लागू करायला अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठेवली. या कायद्याप्रमाणे माहिती फुटली तर ज्याची माहिती आहे त्याला विनाविलंब कळवावे लागेल, आणि संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा लागेल. राखणीत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत दंड, कळवले नाही तर २०० कोटींपर्यंत.

आकडे मोठे आहेत. पण हा दंड जाणार सरकारी तिजोरीत. ज्याचे नुकसान झाले त्याला एक पैसाही देण्याची तरतूद या कायद्यात नाही. कंपनीच्या निष्काळजीपणाबद्दल भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३अ होते, तेही मुख्य बंधनांबरोबरच वगळण्याचे ठरले आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून तुमच्याआमच्यावर १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि देशाची सुरक्षा, सुव्यवस्था अशी कारणे देऊन केंद्र सरकार आपल्याच यंत्रणांना या कायद्याबाहेर ठेवू शकते. पीक कोणाचे आणि राशीवर बसणार कोण, हे कोडे आपल्याला नवीन नाही.

कायदा सुधारेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. पैसे गेले की सर्वांत आधी १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. चूक बँकेची नाही, आपलीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजी दिवसांत झाली तर खातेदारावर बोजा नाही, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवले. चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याचा भार त्यात बँकेवर टाकला. साहेब 'उद्या या' म्हणाले तर अर्ज टेबलावर ठेवूनच उठा. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा.

पैसे गेले नसतील तरी आधारचे ठसे कुलूपबंद करून ठेवा. हे काम एम-आधारवर किंवा आधार केंद्रात होते. कुलूप असेपर्यंत रेशन दुकानात अंगठा चालणार नाही, तेव्हा त्या वेळेपुरते ते उघडावे लागेल. आधारवरून पैसे काढण्याची सोय वापरत नसाल तर ती बंद करा म्हणून बँकेला अर्ज द्या. वर्षातून एकदा पतअहवाल फुकट मिळतो, तो काढून आपल्या नावावर परके कर्ज नाही ना ते बघा. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते संचार साथीवर दिसते. झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहा. घरात हे जमणारी शिकलेली पोर असेल तर तिला हे काम सांगा, गावातल्या चार घरांचेही ती करील.

पण एकेकट्याने कुलूप लावून प्रश्न सुटणार नाही. आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. माहिती फुटली तर भरपाई ज्याचे नुकसान झाले त्याच्या हातात पडली पाहिजे. सक्तीने माहिती घेणाऱ्या सरकारी खात्याला कंपनीइतकाच दंड झाला पाहिजे. आणि खरेदीखतावरचे ठसे कोणालाही दिसणार नाहीत अशी व्यवस्था झाली पाहिजे. हे दान नव्हे. आपला माल दुसऱ्याच्या ताब्यात ठेवला तर तो सुखरूप परत मागण्याइतकाच हा हक्क आहे.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना गावात असे ज्यांचे पैसे गेले असतील त्यांच्या तक्रारींच्या पोचपावत्या बरोबर आणा. तोंडी गाऱ्हाणे साहेब ऐकून सोडून देतात. शंभर पोचपावत्या टेबलावर ठेवल्या तर त्यांना उत्तर द्यावे लागते.