बांधकामावरचा जाणता माणूस कोठे आहे?

२४ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी भोसरीत मजुरांच्या तळावरील पाण्याची टाकी कोसळली आणि तिच्याखाली स्नान करीत असलेले मजूर प्राणांस मुकले. पोटासाठी घरदार सोडून आलेल्या माणसांचा त्यांच्याच तळावरील कच्च्या बांधकामाने बळी घ्यावा, याहून दारुण विसंगती ती कोणती? अशा दुर्घटनेनंतर चौकशीची घोषणा होते, कंत्राटदाराच्या नावाने बोटे मोडली जातात आणि चार दिवसांनी सारे शांत होते. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. टाकीची भिंत चढत असताना, ‘ही भिंत पाण्याचा दाब सोसणार नाही’ असे म्हणून काम थांबविणारा जाणता माणूस तेथे होता काय?

पिंपरी-चिंचवडला शिक्षणाचे महत्त्व सांगावयास नको. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाठोपाठ या माळरानावर कारखान्यांच्या रांगा उठल्या. टेल्कोचा कारखाना उभारताना सुमंत मुळगावकर यांनी प्रशिक्षणास जे स्थान दिले, त्यातून कुशल कारागिरांच्या पिढ्या घडल्या. आज चाकणच्या मोटार कारखान्यात एक बोल्ट किती आवळावयाचा याचेही माप ठरलेले असते. पण त्याच पट्ट्यात वाकड, रावेत, मोशी येथे जे उंच मनोरे चढत आहेत, तेथील काँक्रीटमध्ये पाणी किती घालावयाचे, हे पुष्कळदा मुकादमाच्या अंदाजावर सोडलेले असते. मोटारीला जे भाग्य लाभले, ते घराला लाभू नये काय?

बांधकामाचे तंत्र म्हणजे केवळ नकाशा व गणित नव्हे. मिश्रण घट्ट वाटले की कामगार त्यात वरून पाणी ओततो. काम हलके होते, पण काँक्रीटची ताकद घटते. स्लॅब भरल्यावर तो साध्या सिमेंटचा असल्यास किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटचा असल्यास १० दिवस ओला ठेवावा लागतो. त्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे घन भरून ते २८ व्या दिवशी दाबयंत्राखाली फोडून पाहावयाचे असतात. परंतु त्या दिवशी घन नापास ठरला, तर तोवर वर आणखी मजले चढलेले असतात! म्हणून खरी परीक्षा प्रयोगशाळेत नव्हे, तर मिश्रण ओतले जात असताना होते. बांधलेल्या वास्तूची निगा राखणे हाही याच विद्येचा भाग. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला व चौघांचे प्राण गेले, तो या निष्काळजीपणाचा पुरावा होय.

हा जाणता माणूस घडविण्याची कल्पना पुण्यास नवी नाही. १८५४ साली येथे जो अभियांत्रिकी वर्ग निघाला, त्याचा हेतूच मुळी सार्वजनिक बांधकामांवर देखरेख करणारे दुय्यम अधिकारी तयार करणे हा होता. त्याच वर्गाचे पुढे महाविद्यालय झाले, विश्वेश्वरय्यांसारखे अभियंते त्याने देशाला दिले, आणि २०२२ साली त्याचे विद्यापीठ झाले. बांधकाम व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी ‘निकमार’ १९८३ साली निघाली. तिचेही आज बालेवाडीत विद्यापीठ आहे. वरच्या पायऱ्या अशा भक्कम झाल्या; ढासळली ती मधली पायरी. तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेणारा विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळविण्याची शिडी म्हणून तिच्याकडे पाहतो. बांधकामावर उभे राहण्यासाठी नव्हे.

त्याला किंवा त्याच्या आईवडिलांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. उन्हातान्हात उभे राहावयाचे, पगार बेताचा, अधिकार शून्य, आणि अपघात झाला की पहिली अटक आपलीच, अशा नोकरीसाठी कोण आपला मुलगा अथवा मुलगी पुढे करील? वास्तुविशारदांना १९७२ पासून स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे. अभियंत्यांसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. बांधकाम नियमांत संरचना अभियंता व पर्यवेक्षक यांची तरतूद आहे खरी. परंतु कागदावरील सही आणि स्लॅब भरतानाची हजेरी या दोन गोष्टी एक नव्हेत.

तेव्हा उपाय उघड आहे. ठराविक आकारापुढील प्रत्येक बांधकामावर पात्रताधारक तंत्रज्ञ रोज हजर असला पाहिजे आणि चुकीचे काम थांबविण्याचा लेखी अधिकार त्याला हवा. महापालिकेने परवानगी देतानाच ही अट घालावी. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जातो. गवंडी, सुतार, सळई बांधणारा यांना कामावरच शिकवून प्रमाणपत्र देणे, याहून मोठे कल्याण कोणते? आणि या विद्येकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की, पुस्तकासोबत गवंड्यालाही गुरू माना. दोरी व ओळंबा हाती न धरता जो अभियंता होतो, त्याला कंत्राटदार सहज फसवितो.

घरासाठी मध्यमवर्गीय कुटुंब वीस वर्षांचे कर्ज काढते. फरशीचा रंग ते दहादा पारखून घेते. पण त्या फरशीखालचा स्लॅब भरताना कोण उभा होता, हे विचारीत नाही. तो प्रश्न ग्राहकांनी विचारावयास आरंभ केला, तर त्या माणसाला पगार मिळेल, मानही मिळेल. न विचारल्यास त्याची किंमत कोणी ना कोणी मोजतच राहणार, आणि ती प्रथम मोजतो तो तळावरचा मजूर.