फळ्यावरचें पत्र

युद्धाची वार्ता आली कीं आमच्या जालन्यासारख्या शहरांतील शाळांतून एक कार्यक्रम हटकून होतो. गुरुजी फळ्यावर चार ओळी लिहितात, साठ मुलें त्या साठ कार्डांवर उतरून काढतात, गठ्ठ्यासह सर्वांचें छायाचित्र निघतें, आणि गठ्ठा ‘सीमेवरील वीर जवानास’ रवाना होतो. या उपक्रमास देशभक्ति म्हणावयास आमची तयारी नाहीं. तो शुद्धलेखनाचा तास होय, आणि तोहि नक्कल करण्याचा! यावर कोणी आम्हांस निष्ठुर म्हणेल. म्हणो बापडा.

पोस्टकार्ड या देशांत १ जुलै १८७९ रोजीं एका पैशास मिळूं लागलें, तें एका माणसानें दुसऱ्या माणसास खुशाली कळवावी म्हणून. ‘वीर जवान’ हें कोणाचेंहि नांव नव्हे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें लढणाऱ्या हिंदी शिपायांचीं पत्रें सेन्सॉर उघडून वाची. शिपायांस तें ठाऊक होतें. म्हणून हिंदी पलटणींस ‘काळी मिरी’ व गोऱ्यांस ‘लाल मिरची’ म्हणून त्यांतील कांहीं जण काळी मिरी सरत आल्याचें घरीं कळवीत. त्या पत्रांचे उतारे आजहि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. परक्याची नजर चुकवून सांगावें असें त्या शिपायांजवळ कांहीं तरी होतें. आमच्या साठ कार्डांत सेन्सॉरनें खोडावा असा एक शब्द तरी सांपडेल काय?

या दोषांतून आम्ही स्वतः सुटलेले नाहीं. १९९९ सालीं आमचा एक मित्र कारगिलच्या आघाडीवर होता. जेथें १८०३ त शिंदे-भोसल्यांच्या फौजा वेल्स्लीशीं लढल्या, त्या असईजवळच्या खेड्यांतला तो. कॉलेजांत आमच्याच खोलींत राहिलेला. त्यास आम्हीं जें कार्ड धाडलें त्यांत हिमालय होता, शिवछत्रपति होते, भारतमाता होती. त्याचें उत्तर आलें. मृग बरसला काय? सरकी लावून झाली काय? आप्पांचे डोळे जालन्यास नेऊन दाखविले काय? आणि शेवटीं, तूं घराकडे एकदां तरी जाऊन आलास काय?

आम्ही गेलों नव्हतों. बसनें जेमतेम दोन तासांची वाट. पण हिमालयाच्या भरांत ती सुचली नव्हती.

पुढच्या रविवारीं गेलों. विहिरीस किती पाणी आहे, कोणता बैल विकला, आप्पांस दाखविण्याचा कोणता दिवस ठरला, एवढेंच दुसऱ्या कार्डावर लिहिलें. जागा पुरेना म्हणून पत्त्याच्या बाजूसहि लिहिलें. मित्र सुखरूप परतला. पहिल्या कार्डाविषयीं तो कधीं बोलला नाहीं, आणि आम्हींहि विचारिलें नाहीं.

आतां मोबाइल असतांना कार्ड कशाला, असें कांहीं विद्वान म्हणतात. लढाईच्या ऐन दिवसांत पुढच्या ठाण्यावरील शिपायास तो वापरतां येतो काय, हें त्यांनीं एखाद्या शिपायाच्या आईस विचारावें.

शिक्षकांस आमचें सांगणें एवढेंच : फळा पुसा. तुझ्या गांवांतला, तुझ्या गल्लींतला कोण फौजेंत आहे, असें प्रत्येक मुलास विचारा, आणि त्याच्या घरीं जाऊन येण्यास सांगा. नाहीं तरी जावेंच लागेल; कारण ‘मार्फत ५६ ए. पी. ओ.’ अशा त्या पत्त्यांत गांवाचें नांव नसतें. नंबर, हुद्दा, पलटण हें सारें त्या घरींच कोठें तरी लिहून ठेवलेलें असतें.