मासा घरात आलाय ना? मग त्याचं पाणी सांभाळा



लेकाला वाढदिवसाला कोणीतरी फायटर मासा दिला. टेबलावर मावेल एवढी काचेची टाकी, फिल्टर नाही. "फायटरला फिल्टर लागत नाही," असं दुकानदाराने सांगितलं म्हणे. फायटर वर येऊन हवेतून श्वास घेतो, हे खरं. पण त्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया साठतो. तो त्याचे कल्ले जाळतो. वर येऊन श्वास घेतला म्हणून विष टळतं का?

जाऊबाई म्हणाल्या, "नदीत सोड, अभयदान होईल." कसलं अभयदान! मूळचा थायलंडकडचा, टाकीत वाढलेला जीव. नदीत तो मरेल, नाहीतर तिथल्या माशांना रोग देईल. बंध हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे, म्हणून नवा मासा मी कधीच आणणार नाही. पण घरात आलेल्याला घाणीत ठेवायचं आणि स्वतःला अहिंसक म्हणवायचं, हे मला मान्य नाही.

फिल्टर मी घरीच केला. जाड छिद्रांचा साधा स्पंज घेतला. भांड्यांचा, साबण लागलेला चालत नाही. मधोमध भोक पाडून प्लॅस्टिकची नळी बसवली, नळीच्या स्पंजमधल्या भागाला छिद्रं पाडली. एअर पंपाची बारीक नळी आत सोडली. बुडबुडे वर जाताना पाणी स्पंजमधून ओढलं जातं. फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही, म्हणून हवा कमी ठेवली. पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवा, नाहीतर लाइट गेली की पाणी उलटं पंपात शिरतं.

खरं काम स्पंजमधले सूक्ष्म जीव करतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. त्यांची वस्ती जमायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर दर एक-दोन दिवसांनी पाव टाकी पाणी बदला, पुढे आठवड्यातून एकदा. नवं पाणी क्लोरीन काढूनच घाला.

आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने ते जीव मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा. पाणी गाळल्यावर गाळण्यावरचे जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडणाऱ्या आजीच्या नातींना हे वेगळं शिकवायला हवं का?

पुढच्या वाढदिवसाला मात्र मुलांना पुस्तक द्या. जीव देऊ नका.