१ जानेवारी १९८०

कोल्हापूरच्या एका गूळ-आडतीच्या पेढीत एके दिवशी दुपारी एक तरुण शेतकरी आला. वडील वारले होते. त्यांची ट्रंक आवरताना एक जुनी हिशेबपट्टी निघाली होती, ती त्याने गादीवर ठेवली. पट्टी नोव्हेंबर १९९७ ची होती. खाली बारीक अक्षरात ‘पेढीकडे अमानत रु. १८,४००’ अशी नोंद होती. पोराचा आवाज मागणीचा नव्हता. “अण्णा, हे राहिलं असेल तर बघा, नसेल तर पट्टी फाडून टाका,” एवढेच तो म्हणाला.

अण्णांनी पट्टी उलटसुलट पाहिली. अक्षर त्यांच्या धाकट्या भावाचे, म्हणजे आप्पांचे होते. त्या काळी पेढीची लिखापढी आप्पांकडे असे आणि आप्पा जाऊन बारा वर्षे झाली होती. त्या सालची रोजकीर्द आणि खतावणी २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात तळमजल्यावर भिजून लगदा झाली होती. कायद्याच्या दृष्टीने विचार केला तर प्रश्न केव्हाच मिटला होता. १९६३ च्या मुदत कायद्याने अशा येण्याला साधारण तीन वर्षांची मर्यादा घातलेली आहे. परंतु “मुदत दाव्याला असते, देण्याला नसते,” असे म्हणून अण्णांनी तो विचार बाजूला सारला. प्रश्न एवढाच उरला, की ही रक्कम आप्पांनी मागाहून दिली होती की नव्हती?

तेव्हा नातवाने माळ्यावरच्या संगणकाची आठवण काढली.

तो संगणक १९९१ साली घेतलेला, स्थानिक जुळणीचा, ३८६ जातीचा. आप्पा तो घरीच, माडीवरच्या खोलीत ठेवीत आणि रात्री जेवणानंतर दिवसभराच्या पावत्या त्यात चढवीत. त्या दशकात अनेक व्यापारी घरांत हेच चाले: दिवाळीला वहीपूजन वहीचेच होई आणि हिशेब मात्र हळूहळू पडद्यावर सरके. १९८८-८९ पासून आयकरासाठी ३१ मार्च ही सर्वांना एकच वर्षअखेर ठरली, तेव्हापासून दिवाळीची वही आणि मार्चची वही असा दुहेरी व्याप पेढ्यांच्या मागे लागला होता. यंत्राची मोहिनी पडण्याचे तेही एक कारण असावे.

नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली: संगणक माळ्यावरून उतरवल्याबरोबर वीज जोडली नाही, आधी पेटी उघडली. मुख्य पट्टीवर, कीबोर्डच्या जोडणीजवळ, बोटाच्या पेराएवढी एक निळी नळकांडी बसवलेली होती. तिच्या टोकांना हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखे दिसत होते आणि ती आसपासच्या तांब्याच्या रेघांवर पसरू लागली होती.

ही नळकांडी म्हणजे घड्याळाची बॅटरी. १९८१ सालच्या मूळ आयबीएम पीसीला असे घड्याळच नव्हते. सुरू करताना तारीख आणि वेळ माणसाने सांगायची, न सांगितल्यास यंत्र १ जानेवारी १९८० धरून चाले. १९८४ च्या ‘एटी’ प्रतिमानात प्रथमच वीज बंद असतानाही चालणारी घड्याळाची चिप आली आणि पुढच्या सर्व नकलांनी तीच रचना उचलली. या चिपला एक स्फटिक जोडलेला असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. या आकड्याचे अर्ध्याचे अर्धे असे पंधरा वेळा केले की नेमका एक उरतो, म्हणजे एक सेकंद. चिपमध्ये एकंदर ६४ बाइट जागा. त्यांतील १४ घड्याळाच्या कामाच्या, उरलेल्या ५० यंत्राची मांडणी लक्षात ठेवण्यासाठी. म्हणजे तारीख आणि यंत्राची ओळख या दोन्ही गोष्टी एकाच लहानशा बॅटरीच्या जिवावर.

त्या काळच्या पुष्कळ पट्ट्यांवर निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची, पुन्हा पुन्हा भारित होणारी बॅटरी डाखलेली असे. यंत्र चालू असताना ती भरते, बंद असताना रिती होते. वर्षानुवर्षे माळ्यावर पडली की ती रिती होऊन थांबत नाही, तर तिच्यातील क्षार गळून शेजारच्या रेघा खाऊ लागतो. ज्यांच्या घरी असा जुना संगणक गुंडाळून ठेवलेला असेल, त्यांनी तो चालतो की नाही हे पाहण्याआधी ही नळकांडी कापून काढावी. तारीख चुकणे हे दुखणे परवडते. पट्टी खाल्ली गेली तर मात्र इलाज कठीण होतो.

नातवाने हातमोजे घालून ती कापून काढली. गळालेला द्रव अल्कलीधर्मी असल्याने कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन डाग निवळले, मग शुद्ध पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पट्टी दोन दिवस पंख्याखाली ठेवली. भिंगाखाली पाहता दोन रेघा काळवंडल्या होत्या, पण तुटल्या नव्हत्या. नव्या बॅटरीचा प्रश्न येताच त्याच्या मित्राने घड्याळातली गोल नाण्यासारखी सीआर२०३२ बसवण्याचा सल्ला दिला. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे. जुन्या जागी भारित करणारा प्रवाह येतो आणि लिथियमची ही नाणेबॅटरी भारित करण्यासाठी बनवलेली नसते. मध्ये प्रवाह उलटा जाऊ न देणारा डायोड घातल्याशिवाय ती तेथे लावणे धोक्याचे. नातवाच्या पट्टीवर बाहेरची बॅटरी जोडण्यासाठी चार टाचण्यांची वेगळी जोडणी होती. तेथे भारित करणारा प्रवाह येत नाही, याची मल्टिमीटरने खात्री करून त्याने भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसल्या दीड व्होल्टच्या तीन सेलची पेटी जोडली. ४.५ व्होल्ट पुरेसे झाले.

वीज लावली. पंखा फिरला, पडदा उजळला आणि मांडणी हरवल्याची सूचना आली. तारीख १ जानेवारी १९८०. हार्ड डिस्क: नाही.

डिस्क बिघडली नव्हती, यंत्र तिला विसरले होते. आजचा संगणक डिस्कला स्वतःच ओळख विचारून घेतो. ३८६ च्या काळात तिचे सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती हे आकडे माणसाने भरावे लागत आणि ते त्या पन्नास बाइटांत राहत. आकडे चुकीचे भरून डिस्कवर लिहू दिले तर आतला हिशेब विस्कटण्याची भीती. डिस्कवरचे लेबल झिजले होते. नातू पेटीचे झाकण बाजूला ठेवू लागला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली एक चिठ्ठी दिसली. पट्टीवरच्याच अक्षरात: ‘९८०, ५, १७’.

“आप्पांचं अक्षर,” अण्णा म्हणाले.

९८० सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट; गुणाकार ४,२६,४९,६०० होतो, म्हणजे त्या काळची चाळीस मेगाबाइटची डिस्क. हिशेब जुळला. परंतु चिठ्ठी चिकटवण्याची वेळ आप्पांवर का आली असावी? याचा अर्थ त्यांच्या हयातीतच बॅटरी मेली होती आणि रोज रात्री यंत्र सुरू करताना ते हे तीन आकडे नव्याने भरत होते. हा तर्क पुढे फार उपयोगी पडला.

नातवाने हिशेबाचा प्रोग्राम उघडला नाही. असे प्रोग्राम उघडताच काही फाइलींवर नव्याने लिहितात आणि फाइलीवर त्या क्षणाची तारीख बसते. जुना पुरावा नुसता पाहण्याच्या नादात पुसला जातो. त्याने डॉसच्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करून सगळ्या फाइली आधी फ्लॉप्यांवर उतरवल्या. डॉसची कॉपी ही आज्ञा मूळ फाइलीची तारीख तशीच ठेवते.

तत्पूर्वी तारखेवरून आजोबा-नातवात थोडी गंमत झाली. वर्ष होते २०२३ आणि या यंत्राच्या मांडणीत वर्ष १९९९ च्या पुढे सरकेना. घड्याळाची चिप सालाचे शेवटचे दोनच अंक ठेवते, शतकाची नोंद वेगळ्या बाइटात असते आणि ती कशी हाताळायची हे प्रत्येक जुळणीवाल्याच्या मर्जीवर असे. सन २००० च्या वेळी जगभर जी धावपळ झाली तिचे एक मूळ हेच. “अण्णा, १९९५ घालू या. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे कॅलेंडर वारासकट तंतोतंत जुळते,” नातू म्हणाला. ते खरेही आहे. १९०१ ते २०९९ या काळात दर अठ्ठावीस वर्षांनी वार आणि तारखा पुन्हा त्याच येतात.

“वार जुळला म्हणून तारीख खरी होत नाही, बाळ. हिशेबाच्या यंत्रात खोटी तारीख घालायची नाही.”

शेवटी डॉस सुरू झाल्यावर दरवेळी आज्ञेने २०२३ ची तारीख देण्याचे ठरले. डॉसला त्याची अडचण नाही. फाइलीची तारीख तो सोळा खुणांत साठवतो: पाच दिवसासाठी, चार महिन्यासाठी, सात १९८० पासूनच्या वर्षांसाठी, म्हणजे २१०७ पर्यंत जागा आहे.

आता खतावणी. शेतकऱ्याच्या खात्याच्या दोन प्रती निघाल्या. एक फाइल १० फेब्रुवारी १९९८ ची. तीत जमा बाजूस १८,४०० शिल्लक. दुसरी १ जानेवारी १९८० ची. तीत १२,००० नावे पडून शिल्लक ६,४००. तारखेच्या क्रमाने वाचले तर १९८० ची फाइल आधीची आणि १९९८ ची नंतरची ठरते, म्हणजे देणे १८,४०० च राहिले. पण १९८० साली हे यंत्रच घरात नव्हते. शिवाय दुसऱ्या फाइलीतील शेवटच्या शे-सव्वाशे नोंदी सगळ्याच १ जानेवारी १९८० च्या होत्या. एका दिवसात एवढा गूळ कोणत्याही पेढीवर विकला जात नाही.

येथे आप्पांची चिठ्ठी बोलू लागली. बॅटरी मेल्यावर डिस्कचे आकडे भरल्यावाचून यंत्र चालत नव्हते, म्हणून ते त्यांनी रोज भरले. तारीख न भरताही यंत्र चालत होते, म्हणून ती राहून गेली. दमलेल्या माणसाकडून जे होते तेच झाले. यंत्र रोज रात्री नव्याने १ जानेवारी १९८० ला जागे होई, तास-दोन तास काम करी आणि वीज जाताच तो दिवस विसरून जाई.

तारीख अविश्वसनीय ठरली की हिशेबनीस पावतीचा अनुक्रमांक पाहतो. तो यंत्राच्या घड्याळावर चालत नाही. १९९८ च्या फाइलीतील शेवटची पावती २,७१६ क्रमांकाची होती. १९८० च्या फाइलीतील शेवटची २,८४१. म्हणजे ‘१९८०’ हीच नंतरची प्रत. बारा हजार दिल्याची पावती २,८०३.

तरीही अण्णांनी एकट्या यंत्राचे मानले नाही. आपल्याच वहीवरून आपलेच देणे कमी ठरवणे त्यांना रुचेना. त्यांनी त्या तरुणाला बोलावून वडिलांचे बँकेचे जुने पासबुक आहे का, असे विचारले. ते त्याच ट्रंकेत निघाले. ९ मार्च १९९८: रोख जमा १२,०००.

उरले ६,४००. त्यावर त्याच तारखेपासून दरसाल दरशेकडा नऊ, सरळव्याज, पंचवीस वर्षे: १४,४००. एकूण २०,८००. तरुण व्याज घेईना. “मी मुद्दलाचंच विचारायला आलो होतो, अण्णा,” असे तो म्हणत राहिला. “व्याज तुझं नाही, तुझ्या वडिलांचं आहे,” असे सांगून अण्णांनी चेक त्याच्या हाती दिला.

ज्यांना अशा जुन्या यंत्राची तारीख दुरुस्त करायची आहे, त्यांनी आणखी एक-दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यंत्र रात्रभर चालू ठेवल्यावर तारीख एका दिवसाने मागे राहत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नये. डॉस चिपकडे फक्त सुरू होताना पाहतो. नंतर तो स्वतःच सेकंदाला सुमारे १८.२ ठोके मोजत वेळ ठेवतो. मध्यरात्र उलटली की एक खूण उभी राहते आणि ती पाहून तो दिवस पुढे सरकवतो. ही खूण बहुतेक यंत्रांत मोजत नाही, नुसती उभी राहते. दोन मध्यरात्री कोणी न विचारता गेल्या, तर एकच धरली जाते. डॉस ३.३ च्या आधीच्या आवृत्त्यांत तारखेची आज्ञा चिपपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे दुरुस्त केलेली तारीख पुन्हा सुरू केल्यावर जुनीच दिसते. तेथे मांडणीची वेगळी फ्लॉपी चालवावी लागते. दिवसाला एक-दोन सेकंदांचा फरक हा स्फटिकाचा स्वभाव समजावा. काही पट्ट्यांवर बॅटरी दिसतच नाही, कारण ती घड्याळाच्या चिपसह काळ्या राळेत बंद केलेली असते. अशी चिप साधारण दहा वर्षांच्या हिशेबाने बनवलेली असे आणि ती बदलणेच सोपे.

नातवाने संगणक पुन्हा गुंडाळताना तीनही सेल काढून वेगळ्या डबीत ठेवले, कारण तेही कालांतराने गळतात. झाकण लावण्यापूर्वी अण्णांनी आप्पांच्या चिठ्ठीखाली पेन्सिलीने आणखी एक शब्द लिहिला: ‘तारीख’.