टेबलावर म्हणजे कुठे?

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि ब्रिटिश व अमेरिकी सेनाधिकारी एकत्र बसू लागले. भाषा एकच, दुभाष्याचं काम नाही. ब्रिटिशांनी एक टिपण तयार केलं. विषय तातडीचा, म्हणून ते म्हणाले, हे आम्हाला ‘टेबल’ करायचं आहे. अमेरिकी अडून बसले. टेबल अजिबात करायचं नाही, विषय महत्त्वाचा आहे! वाद लांबला, कडवट झाला. मग उलगडा झाला की दोघांनाही एकच हवं होतं. ब्रिटिशांच्या लेखी टेबल करणं म्हणजे विषय पुढ्यात ठेवणं. अमेरिकींच्या लेखी, कागद खणात टाकून विसरून जाणं. चर्चिल यांनी महायुद्धाच्या आपल्या इतिहासात हा प्रसंग नोंदवला आहे. त्यांना तो गमतीचा वाटला. मला वाटत नाही. युद्ध चालू होतं आणि वेळ एका साध्या शब्दावर गेला.

हा फरक आजही तसाच आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ठराव ‘टेबल’ करण्याची सूचना संमत झाली की तो ठराव संपला. त्या सूचनेवर चर्चासुद्धा होत नाही. दिल्लीत टेबलावर ठेवलेला कागद मात्र सभागृहापुढे आलेला असतो.

माझा भाचा पुण्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकाचं काम करतो. रात्री साडेदहाचा कॉल. त्याच्या प्रस्तावाची वेळ आली तेव्हा पलीकडून आवाज आला, हे आपण टेबल करू. हा फाइल उघडून, घसा खाकरून बसला. आता बोलावतील, मग बोलावतील. कॉल संपला. त्याच वेळी का विचारलं नाहीस, म्हटलं, तर म्हणाला, “मामा, टेबलचा अर्थ काय, असं कसं विचारू?”

इथेच घोडं पेंड खातं. शाळेत आपण अवघड शब्दांचे अर्थ वहीत उतरवून घेतो, पाठ करतो. टेबल पहिलीच्या पुस्तकात चित्रासकट भेटलेलं असतं. चार पाय, वर फळी. ते कळलं असं धरून आपण पुढे जातो, आणि मोठेपणी विचारायची लाज वाटते. अवघड शब्द अडला तर माणूस निदान थांबतो तरी. सोपा शब्द थांबूच देत नाही.

आता मराठी बातम्यांतही ‘अहवाल टेबल झाला’ असं ऐकू येतं. वाईट वाटतं. आपल्या विधिमंडळात अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवतात. पटलावर ठेवला म्हणजे सर्वांसमोर आला. त्याचा उलटा अर्थ नागपुरातही होत नाही आणि मुंबईतही. विषय मागे ठेवायचा तर ‘तहकूब’ आहे, ‘लांबणीवर’ आहे. हे शब्द हाताशी असताना दोन दोस्त सैन्यांत भांडण लावणारा शब्द बातमीत कशाला आणायचा?