हॉल तिकीट बघितल्याशिवाय आत सोडू नका!

११ ऑगस्ट २०१८, शनिवारची दुपार. कोल्हापुरातल्या काही एटीएमवर माणसं येत होती, कार्ड घालत होती, नोटा खिशात टाकून निघून जात होती. रांगेत मागं उभ्या असलेल्याला त्यात काहीच वावगं दिसलं नसतं. पण ती कार्डं बनावट होती. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे त्याच काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून उचलले जात होते, सुमारे ७८ कोटी रुपये. भारतातून अडीच कोटी गेले आणि त्यातले सुमारे ८९ लाख एकट्या आपल्या कोल्हापुरातून. दोनच दिवसांनी आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या न्यायालयानं या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

हे जमलं कसं? एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘पैसे देऊ का?’ हा प्रश्न बँकेच्या स्विचकडे जातो. चोरांनी मालवेअर घुसवून मध्येच एक तोतया स्विच उभा केला. प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोहोचेचना. तोतयाच परस्पर ‘द्या’ म्हणत राहिला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा पुण्यासमोर जो प्रश्न होता, तोच इथं होता : हा खरा कशावरून?

एका सर्टिफिकेटनं हा दरोडा टळला असता, असा आमचा दावा नाही. चोर आत शिरले की एका कुलपावर भागत नाही. पण ‘समोर कोण आहे?’ हा प्रश्न न विचारण्याची किंमत काय असते, ते त्या दुपारी आपल्याच गावात दिसलं. आणि मित्रांनो, हा प्रश्न आता तुमच्या लॅपटॉपवर येऊन बसलाय. राजारामपुरीतल्या क्लासचं ॲप, हुपरीच्या चांदीवाल्यांची वेबसाइट, मेसचं बिलिंग अशी कामं कॉलेजची पोरं-पोरीच करून देतात. सगळं क्लाउडवर चढवलं जातं आणि त्यात खऱ्या माणसांचे फोन नंबर, पत्ते, उधारीचे हिशेब असतात.

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं हॉल तिकीट समजा. त्यावर नाव असतं, मुदत असते आणि ब्राउझर ज्यांच्यावर विश्वास ठेवतो अशा संस्थेची सही असते. पण हॉल तिकिटाची झेरॉक्स कुणीही काढेल. म्हणून सुपरवायझर चेहराही बघतात. सर्व्हरचा चेहरा म्हणजे त्याची खासगी की. ती कधीच बाहेर दाखवायची नसते. ती आपल्याकडे आहे एवढंच सर्व्हर गणितानं सिद्ध करतो. ही तपासणी झाली की मगच ब्राउझर आपली माहिती पुढं पाठवतो. क्रम लक्षात घ्या. तोतयाशी कितीही गुप्त बोललात तरी गुपित तोतयालाच कळणार!

आता खरी गोम. प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री स्क्रीनवर लाल अक्षरं येतात : सर्टिफिकेटवर विश्वास ठेवता येत नाही. शोधाशोध केली की एक ओळीचा इलाज मिळतो. पायथॉनमध्ये ‘व्हेरिफाय’ला ‘फॉल्स’ करायचं, बास. लाल अक्षरं जातात, प्रोजेक्ट चालतो, व्हायवा होतो, मार्क पडतात. ती ओळ मात्र तिथंच राहते आणि तोच कोड उद्या मेसच्या मालकाकडे जातो. म्हणजे सुपरवायझरला घरी पाठवून आपण परीक्षा घेतली. तो त्रास देत होता, हे खरं. पण त्याचं कामच ते होतं.

दुसरी गोष्ट मुदतीची. सर्टिफिकेट संपतं, आणि ते भल्याभल्यांचं संपतं. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडलं, कारण एका सर्टिफिकेटची मुदत संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढं तर मुदती आणखी आखूड होणार आहेत. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांनी २०२५ मध्ये मिळून ठरवलं, की ३९८ दिवसांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७ दिवस. कारण साधं आहे : की चोरीला गेली, तर चोराच्या हातात ती कमीत कमी दिवस चालावी. कॅलेंडरवर गोल करून हे सांभाळणं आता जमणार नाही. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देतं आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करता येते. फक्त एक बघा : नवी फाइल आली तरी सर्व्हरला ती पुन्हा वाचायला लावावी लागते. नाहीतर डिस्कवर नवं आणि लोकांसमोर जुनंच, असा घोळ होतो.

तिसरी गोष्ट खास क्लाउडची. बऱ्याचदा सर्टिफिकेट लोड बॅलन्सरवर बसवलेलं असतं. सांकेतिक बोलणं तिथंच उलगडतं आणि पुढं सर्व्हरपर्यंत, डेटाबेसपर्यंत उघडंच जातं. पाकीट पुण्याहून सीबीएसपर्यंत लाखबंद आणायचं आणि तिथून राजारामपुरीत उघडं हातात धरून न्यायचं, असाच हा प्रकार. ‘क्लाउड कंपनी बघतेय की!’ म्हणून भागत नाही. जागा आणि यंत्रं त्यांची. कोणता रस्ता बंद, कोणता उघडा, हे तुम्ही ठरवलेलं असतं.

आणि हो, ब्राउझरमधलं कुलूप म्हणजे सज्जनपणाचा दाखला नव्हे. या नावाची साइट हीच, एवढंच ते सांगतं. फसवणारी साइटही स्वतःच्या नावाचं सर्टिफिकेट रीतसर काढू शकते. म्हणून नावाचं स्पेलिंग वाचायचं काम शेवटी आपलंच.

तेव्हा आज रात्री एवढं करा. आपला जुना प्रोजेक्ट उघडा. तपासणी बंद करणारी ती ओळ आहे का, शोधा आणि काढून टाका. लाल अक्षरं परत येतील. येऊ द्यात, त्यांचं खरं कारण दुरुस्त करा. गिटहबवर खासगी की चढलेली असेल तर नुसती फाइल डिलीट करून उपयोग नाही, जुन्या नोंदींत ती राहतेच. नवी की बनवा, जुनं सर्टिफिकेट रद्द करा. मुदतीची सूचना एकट्याच्या मेलवर ठेवू नका, टीममधल्या दोघांना जाऊ द्या. एकाची परीक्षा असली तर दुसरा बघेल.

मेसवाल्या काकांना यातलं काहीही कळणार नाही. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून वही बंद केली आणि ॲप सुरू केलं. त्यांच्या वतीनं ‘समोर कोण आहे?’ हे विचारणारे तुम्हीच आहात.