पार्ट मिळत नाही!

‘पार्ट मिळत नाही’ असं सांगणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक विलक्षण समाधान असतं. देवळातल्या पुजाऱ्याने ‘आता दर्शन बंद, पाचनंतर या’ म्हणावं, तसं. त्यात खेद नाही, संकोच नाही. उलट आपणच काहीतरी असभ्य मागितलं की काय, असं आपल्याला वाटावं! माझं म्हणणं असं आहे, की हे वाक्य बहुतेक वेळा धादांत खोटं असतं. पुरावा म्हणून माझ्याकडे एक व्हॅक्यूम क्लीनर आहे.

हा क्लीनर म्हणजे अस्सल विलायती हूवर. लंडनच्या पश्चिमेला पेरिव्हेल म्हणून उपनगर आहे, तिथला जन्म. १९४७ साली भिंगार कॅम्पातले गोरे साहेब गाशा गुंडाळून निघाले, तेव्हा आमच्या आजोबांनी तो लिलावात घेतला. ‘का घेतलात?’ हे आजी त्यांना शेवटपर्यंत विचारत होती. कारण घरात जमीन शेणाने सारवलेली. पहिल्याच दिवशी साहेबाने केराबरोबर निम्मं सारवणही ओढून नेलं. त्यानंतर त्याची रवानगी माळ्यावर झाली आणि लक्ष्मीपूजनाला मान पुन्हा केरसुणीलाच मिळाला.

दोन वर्षांपूर्वी माळा आवरताना हे धूड खाली आलं. अंगाने ठणठणीत, पण रबरी पट्टा नाही, मोटारीचे दोन्ही कार्बन नाहीत, पिशवी उंदरांनी खाल्लेली आणि एक चाक बेपत्ता. एका मोठ्या शहरातल्या झगझगीत दुकानात चौकशी केली. काउंटरवरचा पोरगा यंत्राकडे न बघताच म्हणाला, ‘‘अंकल, पार्ट मिळत नाही. नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये पाचशे कमी करतो.’’

आता हे तुम्ही नगरच्या माणसाला सांगता? (सरकारदरबारी आता आम्ही अहिल्यानगरकर, पण जिभेला अजून जुनंच वळण आहे.) १५४९ साली मुलूखमैदान तोफ ह्याच नगरात ओतली गेली. सुमारे पंचावन्न टनांचं ते प्रकरण आज विजापूरला आहे. आमच्या रणगाडा संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चिलखती गाड्या दिमाखात उभ्या आहेत. ज्या गावाने तोफ ओतली, त्या गावाला बोटाच्या पेराएवढा कार्बन मिळू नये?

मिळाला. त्याचं कारण ऊस. आमच्या जिल्ह्यात ऊस आला, उसामागून विहिरींवर मोटारी आल्या, मोटारी आल्या म्हणजे त्या जळणार. म्हणून प्रत्येक बाजाराच्या गावी एक तरी वाइंडिंगवाला असतोच. माळीवाड्याकडच्या एका बोळातल्या चाचांनी साहेबाला उलटा केला, चार स्क्रू काढले, मोटारीला कान लावला आणि म्हणाले, ‘‘सर, आर्मेचर चांगलं हाये. कॉम्युटेटर लेथवर जरा साफ करू. कार्बन मिक्सरचा घ्यायचा अन् कानशीनं घासून बसवायचा.’’

‘‘कंपनीचा नको?’’

‘‘सर, कार्बन म्हणजे कोळसाच की. कोळशाला काय कंपनी?’’

जुनी वायर हात लावताच पापडासारखी मोडली. तिथे तीन तारांची वायर घालून अर्थिंग दिलं. पट्ट्यासाठी स्कूटरची ट्यूब आडवी कापली. तशी कापली की बिनजोड कडंच मिळतं. दोन सैल झाली, तिसरं बसलं. चाक एमआयडीसीतल्या एका पोराने नायलॉनच्या दांड्यातून कातून दिलं. पिशवी शिंप्याकडे टाकली, तेव्हा त्याने ‘‘बाह्या कुठं लावायच्या?’’ एवढंच विचारलं.

पिशवीचं तर सोडाच. ह्या यंत्राचा मूळ पुरुष जेम्स स्पँगलर हा अमेरिकेत ओहायोतल्या एका दुकानात झाडलोट करणारा. धुळीने दमा उसळायचा, म्हणून त्याने १९०७ साली पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हे यंत्र बनवलं. हूवरने पुढे त्याच्याकडून हक्क विकत घेतले. जे यंत्र अभ्र्यापासूनच जन्मलं, त्याची पिशवी ‘मिळत नाही’? पेरिव्हेलचा कारखाना १९८२ साली बंद पडला आणि त्या देखण्या इमारतीच्या मागच्या बाजूला आज सुपरमार्केट आहे. म्हणजे कंपनीकडे पार्ट मागायला गेलो, तर फार तर कांदे-बटाटे मिळतील. तरी साहेब चालतो आहे!

उलट घरातला नवा क्लीनर तीन वर्षांत बसला. चाचांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि परत दिला. ‘‘स्क्रूच नाय ह्याला. चिकटवलाय. फोडू का?’’ जी वस्तू फोडल्याशिवाय उघडत नाही, तिचे आपण मालक कसले? आपण भाडेकरू, भाडं एकदम भरलं इतकंच.

हा खेळ जुना आहे. १९२४ साली जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं, की दिवा हजार तासच जळावा. जास्त जळाला तर बनवणाऱ्याला दंड! फ्रान्सने २०२१ पासून वस्तूंवर ‘दुरुस्तीला किती सोपी’ ह्याचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्या सरकारनेही २०२२ साली समिती नेमली, पोर्टल काढलं. उत्तम. पण पोर्टलने प्लास्टिकचं चिकटवलेलं झाकण उघडत नाही.

माझी मागणी साधी आहे. औषधावर तारीख असते, तशी खोक्यावर छापा : सुटे भाग अमुक सालापर्यंत मिळतील. आत नकाशा द्या. आणि डिंकाऐवजी स्क्रू लावा. तुम्ही म्हणाल, नवीन स्वस्त पडतं. पडतं ना, पण चाचांचे दोन्ही मुलगे दुकानात बसत नाहीत. ‘‘सगळं चिकटवलेलं येतंय सर, पोरं बसून काय करतील?’’ असं तेच म्हणाले. ती कानस चालवणारे हात एकदा गेले, की मग काउंटरवरच्या पोराचं म्हणणं खरंच ठरेल. ते खरं होण्याआधी, पुढच्या वेळी तो ते वाक्य म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा : ‘‘मिळत नाही, की द्यायचा नाही?’’